गावाकडच्या जमिनीवर ख्रिस्ती अनाथाश्रम काढायचाय, कुठून सुरुवात करू? – माझं उत्तर

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात आयटीत आहात, शेवगावकडं वडिलांची दीड एकर जमीन आहे, मंडळीतली (चर्चमधली) दहा-बारा कुटुंबं दर महिन्याला हातभार लावायला तयार आहेत, अमेरिकेतलं एक चर्च इमारतीला पैसे देतो म्हणतंय. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं शाळा सोडून फडावर जातात ते बघवत नाही, प्रभूनं हे ओझं दिलंय, म्हणून वीस-पंचवीस मुलांचा अनाथाश्रम काढायचा आणि त्यांना गरिबीतून बाहेर काढायचं. प्रश्न एवढाच विचारलाय की रजिस्ट्रेशन कसं करायचं.

रजिस्ट्रेशनचं सांगतो, पण खाली. मी बरीच वर्षं बालगृहात अधीक्षक होतो, नंतर एक टर्म बाल कल्याण समितीवर (सगळे सीडब्ल्यूसीच म्हणतात) होतो, म्हणजे मुलं सांभाळणारा आणि मुलं कुठं ठेवायची हे ठरवणारा अशा दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. आणि तुमचा मेसेज वाचून पहिली गोष्ट खटकली ती ही की तुम्ही ज्या पोरांबद्दल लिहिलंय त्यातलं एकही अनाथ नाही. त्यांना आई आहे, बहुतेकांना बाप आहे, गावात म्हातारी आजी आहे. त्यांच्याकडं नाहीयेत ते पैसे. आणि पैसे नाहीत म्हणून मूल आईपासून वेगळं करायचं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे, तो तुम्ही विचारला नाहीत पण उत्तर त्याचंच द्यावं लागेल.

हे फक्त तुमचं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं देशातल्या बालगृहांची पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१८ साली आला. साडेनऊ हजारांच्या आसपास संस्था, त्यात पावणेचार लाखाच्या जवळपास मुलं. त्यातली आईबाप दोन्ही नसलेली साधारण ४२ हजार. आई किंवा बाप यातलं एक जण हयात असलेली मुलं मात्र सव्वा लाखाच्या घरात, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. नावाला अनाथाश्रम, आणि आत विधवेची, टाकलेल्या बाईची, दारुड्याच्या बायकोची पोरं.

हे कसं होतं ते मी समितीवर बसून बघितलंय. कुणी वाईट हेतूनं करत नाही. आधी इमारत उभी राहते. मग पंचवीस खाटा येतात. मग देणगीदाराला एका मुलामागं महिन्याला इतके असा हिशोब दिलेला असतो, त्यामुळं पंचवीस मुलं दिसायला पाहिजेत. मग कुणीतरी वाडीवस्तीवर जातो आणि तीन लेकरं असलेल्या बाईला म्हणतो ताई, दोन आमच्याकडं द्या, इंग्लिश मिडीयमला घालतो, जेवण कपडे सगळं आमच्याकडं. ती बाई का नाही देणार? तिच्या जागी मी असतो तर मीही दिली असती. पण पुढं काय होतं बघा, त्या मुलाची आई सावरली, भाऊ कमवायला लागला, आता मूल घरी पाठवता येतं, तेव्हा संस्थेचा हिशोब आडवा येतो कारण मूल घरी गेलं की त्याच्या नावाचे पैसे बंद. संस्था चालवणारा कितीही देवभिरू असू द्या, अशी रचना केलीत की ती मुलाला धरूनच ठेवते. म्हणून रचनाच तशी करायची नाही.

दुसरं कारण मुलाच्या डोक्याचं आहे, अगदी शब्दशः. रुमानियातल्या बुखारेस्टला २००० नंतर एक मोठा अभ्यास झाला, अनाथालयातली १३६ लहान मुलं घेतली, निम्मी पालक कुटुंबांत दिली, बाकीची होती तशी संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला जीव लावणं यात ठळक फरक दिसला, आणि जितक्या लहानपणी, विशेषतः दोन वर्षांच्या आत, घर मिळालं तितका जास्त. आता आपली चांगली बालगृहं त्या काळच्या रुमानियासारखी नाहीत हे मान्य. पण आठ तासाच्या शिफ्टला येणारी काळजीवाहक बाई कितीही मायाळू असली तरी संध्याकाळी ती घरी जाते. मुलाला हे कळतं.

आता मंडळीत हे बोललात की कुणीतरी पंडिता रमाबाईंचं नाव काढणार. काढलंच पाहिजे. पण काय घडलं होतं तेही बघा. १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य भारतात गेल्या आणि मरायला टेकलेल्या बायका-पोरी दौंडजवळच्या केडगावला घेऊन आल्या, त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. त्या पोरींचे आईबाप भुकेनं, पटकीनं मेले होते, परत पाठवायला घरच उरलं नव्हतं. आणि रमाबाईंनी त्यांना नुसतं सांभाळलं नाही, छापखाना, विणकाम, तेलघाणा, शेती, गोठा सगळं शिकवलं, बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्याच बायकांनी जुळवले. ते मॉडेल आजच्या शेवगावला जशास तसं लावायचं तर आधी तसा दुष्काळ लागेल. इंग्लंडात ब्रिस्टलला अनाथाश्रम काढणाऱ्या जॉर्ज म्युलरचंही तेच, रमाबाईंनी त्यांचं चरित्र वाचलं होतं आणि आपले पाळक (पास्टर) लोकही उपदेशात त्यांचा दाखला देतात, पण ब्रिस्टलच्या ॲशली डाऊनवरच्या त्या प्रचंड इमारती म्युलरच्याच संस्थेनं १९५८ मध्ये विकल्या आणि मुलं छोट्या घरांत नेली, हे उपदेशात येत नाही. आणि याकोबाच्या पत्रातलं जे वचन सगळे अनाथाश्रमाच्या पाटीवर लिहितात त्यात अनाथ आणि विधवा एकाच दमात येतात, आपण विधवेला गाळून फक्त तिचं मूल उचलतो.

मग करायचं काय. इथं परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून वेगवेगळं सांगतो.

आई आहे, घर आहे, फक्त पैसा नाही: अशा मुलांसाठी सरकारी पैसा आहे आणि तो बऱ्याच घरांपर्यंत पोचत नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत स्पॉन्सरशिप म्हणून मुलामागं महिन्याला ४,००० रुपये मिळतात, विधवा, टाकलेली बाई, गंभीर आजारी पालक वगैरे निकषात बसलं पाहिजे आणि ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत पाहिजे. आपल्या राज्याची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून २,२५० रुपये महिना. गंमत बघा, त्याच मिशन वात्सल्यमध्ये बालगृहातल्या मुलाच्या देखभालीचं अनुदान महिन्याला ३,००० आहे. म्हणजे सरकारसुद्धा घरी ठेवायला जास्त देतंय. अडतं कुठं, तर कागदांत. नवऱ्याचा मृत्यू दाखला नाही, तहसीलचा उत्पन्न दाखला नाही, आधारवर नाव चुकलंय, मुलाचं बँक खातं नाही. त्या बाईनं चार वेळा तालुक्याला जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवायची. तुमच्या मंडळीनं एक पदवी झालेला, बोलका, मोटरसायकल असलेला पोरगा पगारावर ठेवला आणि त्यानं वर्षभर फक्त ही प्रकरणं करून दिली, तर पंचवीस खाटांच्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त मुलांना फायदा होईल आणि खर्च एका पगाराचा आणि पेट्रोलचा. याला कुणी कोनशिला लावत नाही आणि फोटो चांगला येत नाही, एवढीच अडचण.

आईबाप कोयत्यावर जातात: ही तुमची मुख्य मुलं. दिवाळीच्या आसपास जातात ते मार्च-एप्रिलला येतात. म्हणजे मुलाला बारा महिने संस्था नकोय, पाच-सहा महिने कुणीतरी लक्ष ठेवणारं पाहिजे. आजी असेल तर आजीजवळ ठेवायचं आणि तिच्यावरचा भार उचलायचा, संध्याकाळचं जेवण, अभ्यासिका, आजारी पडलं तर दवाखाना. तुमच्या दीड एकरावर एक मोठी खोली, स्वयंपाकघर आणि खेळायला पटांगण एवढ्यात हे होतं, रात्री मूल आपल्या घरी. आजी नसेल तर हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, तिथं जागा आहे का बघा. बारा-तेराच्या पुढच्या मुलींचं मात्र वेगळं आहे. आईबाप फडावर, पोर घरी एकटी, म्हणून घाईनं लग्न उरकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं सुरक्षित राहायची जागा खरोखर कमी पडते आणि तिथं मी वसतिगृहाला हो म्हणेन. आपल्या आज्या-आजोबांनी मिशन बोर्डिंगमध्ये राहून सातवी केली आणि मास्तर, नर्स झाले, ती बोर्डिंगं हीच गरज भागवत होती, सुट्टीला पोरं घरी जायची, आईबाप आईबापच राहायचे.

खरोखर कुणी नाही, किंवा घरातच धोका आहे: अशा मुलांना बालगृह लागतं, आणि ती कुठल्या बालगृहात जायची हे तुम्ही नाही, सीडब्ल्यूसी ठरवते. म्हणून आधी समितीला जाऊन विचारा की जिल्ह्यात काय कमी पडतंय. धडधाकट सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी बहुतेक कुठंतरी जागा असते. मतिमंद मुलं, एचआयव्ही असलेली मुलं, अत्याचार झालेल्या मोठ्या मुली यांच्यासाठी जागा शोधताना आमची दमछाक व्हायची. सेवाच करायची तर तिथं.

हे सगळं ऐकूनही बालगृहच काढायचं ठरलं तर आता कायदा. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ४१: गरजू मुलं पूर्णपणे किंवा अंशतः जिथं राहतात त्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची, सरकारी पैसा घ्या अथवा घेऊ नका. नोंदणी नसेल तर कलम ४२ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि अर्ज करायला उशीर केला तर प्रत्येक तीस दिवसाचा वेगळा गुन्हा. आपले कितीतरी पास्टर लोक घरात आठ-दहा मुलं ठेवतात आणि समजतात की हे तर आपलं कुटुंबच. एक दिवस पोलीस आणि चाइल्ड हेल्पलाइनवाले येतात आणि रात्रीतून मुलं वेगवेगळ्या बालगृहांत पांगतात, भावंडंसुद्धा वेगळी होतात. मुलांनी काय केलं होतं?

क्रम असा. आधी ट्रस्ट किंवा सोसायटी, धर्मादाय आयुक्तांकडं नोंद, पॅन, आयकर सवलतीच्या नोंदण्या (ज्यांना १२ए, ८०जी म्हणतात). मग जागा तयार करून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं अर्ज. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते, मग नूतनीकरण. जागेचे नियम कडक आहेत आणि ते बरंच आहे: झोपायला मुलामागं ४० चौरस फूट, सात मुलांमागं एक संडास, दहामागं एक न्हाणीघर, आजारी खोली वेगळी, मुलामुलींचं वेगवेगळं. फायर, इमारत, अन्न यांची सर्टिफिकेटं. मूल कुणी दारात आणून सोडलं तरी २४ तासांच्या आत समितीपुढं न्यायचं, ऑर्डरशिवाय एकही मूल ठेवायचं नाही, आईनं स्वतः हात जोडून सांगितलं तरी नाही. मूल परस्पर दत्तक द्यायचा तर विषयच नाही, ते सगळं कारा (दत्तकाची केंद्रीय यंत्रणा) मार्फत. जाता जाता, मंडळीत मूल नसलेली जोडपी असतील तर त्यांना सांगा की पूर्वी ख्रिस्ती लोकांना पूर्ण दत्तक घेता येत नसे, फक्त पालकत्व मिळायचं, बाल न्याय कायद्यानं ती अडचण गेलीय.

माणसं हा सगळ्यात अवघड भाग. वीस मुलांना रात्रपाळी धरून सहा-सात पगारी माणसं लागतातच, स्वयंसेवकांवर बालगृह चालत नाही. प्रत्येकाचं पोलीस व्हेरिफिकेशन, पाळकसाहेबांच्या भाच्याचंही. काही गैर कळलं तर पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं सक्तीचं आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दाबला तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून आतल्या आत मिटवूया असं कुणीतरी नक्की म्हणतं. त्या माणसाला विश्वस्त करू नका. आणि मुलांचे फोटो, नाव, गोष्ट फेसबुकवर किंवा देणगीदारांच्या पत्रात टाकायची नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाताळच्या कार्यक्रमाचेही नाहीत.

अमेरिकेचे पैसे. एफसीआरएची (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला पाहिजे. नव्या संस्थेला ठराविक देणगीदाराकडून ठराविक रकमेची पूर्वपरवानगी मागता येते, मिळेलच असं नाही. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावर, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि दुसऱ्या संस्थेला फिरवता येत नाही, म्हणजे ओळखीच्या मोठ्या मिशनच्या खात्यावर घेऊ हा मार्ग २०२० पासून बंद. तुमच्या किंवा पाळकांच्या वैयक्तिक खात्यावर तर अजिबात नाही. भारतीय पासपोर्ट असलेले नातेवाईक परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतात ते यात धरत नाहीत, परदेशी नागरिकत्व घेतलेले ओसीआय कार्डवाले मात्र परदेशी. आणि सगळं नीट असलं तरी भरवसा ठेवू नका: कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकेतली ख्रिस्ती मदतसंस्था २०१७ ला भारतातून बाहेर पडली तेव्हा जवळपास १ लाख ४५ हजार मुलांची मदत थांबली. त्यातली जी आपल्या घरी राहत होती ती निदान रस्त्यावर आली नाहीत. सहा वर्षांचं मूल घेतलंत तर बारा वर्षांचा शब्द देताय, तो स्थानिक पैशावरच द्या.

ख्रिस्ती म्हणजे नेमकं काय, हेही ठरवा. तुम्ही ख्रिस्ती म्हणून सेवा करताय याला कुणाची हरकत नाही. पण समितीनं पाठवलेलं मूल हिंदू, बौद्ध, मुसलमान कुठलंही असेल, त्याचं नाव बदलायचं नाही, बाप्तिस्मा नाही, प्रार्थनेला बसायची सक्ती नाही, त्याचा सण त्याला करू द्यायचा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण पालकांच्या संमतीशिवाय देता येत नाही हे घटनेच्या कलम २८ मध्येच आहे, तोच दंडक बालगृहाला लावा. हा वाद नवा नाही, १८९३ ला शारदा सदनात मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून न्या. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं होतं. आज तसा आरोप झाला तर राजीनाम्यावर भागणार नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचं जेवण तुमच्या हातात आहे त्याच्या होकाराला काय अर्थ? ज्या मंडळीच्या पोटात हे बसत नाही तिनं बालगृह काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीचं एक राहिलं. भावा-बहिणींची लेखी संमती घेतल्याशिवाय बक्षीसपत्र करू नका, एकदा ट्रस्टच्या नावावर गेली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, परत तर येतच नाही. आधी रजिस्टर्ड भाडेकरार करा, तो नोंदणीलाही चालतो. बिगरशेती (एनए) वापरासाठी काय लागतं ते तहसीलमध्ये आत्ताच विचारून घ्या.

म्हणून पुढच्या दोन महिन्यांत आर्किटेक्टला भेटू नका. गावातल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून दिवाळीनंतर कोणती मुलं गायब होतात त्यांची यादी काढा, प्रत्येकाच्या घरी कोण उरतं ते लिहा. ती यादी घेऊन जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, पाळकसाहेबांना सोबत न्या, आणि विचारा यातली किती स्पॉन्सरशिपमध्ये बसतात, किती बालसंगोपनमध्ये, किती वसतिगृहात. जी कशातच बसत नाहीत त्यांची संख्या इथं टाका, मग इमारतीचं बोलू. यादीत बारा वर्षांवरच्या मुली वेगळ्या मोजा.